पुतळ्याला घाम येत नाही

"पुतळ्याला घाम येत नाही."

नसीमबानू हे वाक्य इतक्या वेळा म्हणायची की ती तोंड उघडायच्या आधीच खराडीतल्या तिच्या ऑफिसातली माणसं ओठ हलवायला लागायची. कुणी म्हणालं, "मॅम, माझ्या मशीनवर तर नीट चालतंय," की हिचं वाक्य आलंच. रागानं नाही, थकून. चपला उंबऱ्याबाहेर काढा म्हणून आई रोज सांगते आणि रोज चिखलाचे पाय बघत फडकं उचलते, तसं.

वाक्य तिचं नव्हतं, तिच्या वडिलांचं होतं. खडकी बाजारात मकबूल टेलर म्हणून त्यांचं दुकान. लष्करातल्या साहेबलोकांचे गणवेश शिवायचे. दुकानाच्या दारात एक कापडी पुतळा उभा असायचा. त्याला डोकं नाही, हात नाहीत, पण छाती अशी की एखाद्या कर्नलनं श्वास ओढून घ्यावा. मकबूलमियां तरुण होते तेव्हा त्यांनी एका साहेबाचा कोट त्या पुतळ्यावर बेतला. पुतळ्यावर तो असा बसला की जणू अंगचाच. साहेब आले, घातला, आरशात पाहिलं, मिशीवरनं हात फिरवला आणि गेले. परेडच्या दिवशी सलामीला हात वर गेला आणि काखेतली शिवण टर्रकन सुटली. सगळ्या पलटणीसमोर.

ही गोष्ट ऐकून लोक हसायचे. मकबूलमियां हसत नसत. त्या दिवसापासून त्यांच्या दुकानात कच्च्या टाक्यांवर कोट घालून गिऱ्हाइकाला सलाम ठोकावा लागे, मांडी घालून बसावं लागे, वाकून बुटाची नाडी बांधावी लागे. कुणी कुरकुरलं तर ते म्हणत, "साहब, पुतले को पसीना नहीं आता. आपको आता है."

बटणांचे डबे लावत, दोऱ्याची रिळं जुळवत ही मुलगी त्या दुकानात वाढली. पुढं डिप्लोमा झाला, कॉम्प्युटर आले, नोकऱ्या झाल्या, आणि चाळिशीला टेकली तेव्हा ती खराडीतल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत होती. दोऱ्याचं रीळ मात्र तिच्या टेबलावर होतंच. पांढरं, कच्च्या टाक्याचं. ते कशाला ठेवलंय म्हणून विचारलं तर म्हणायची, "कुणाचं तरी तोंड शिवायला लागेल म्हणून."

मी तेव्हा आमच्या दूध सोसायटीचा सेक्रेटरी. आमचं गाव खराडीच्या पलीकडं, नदीच्या वळणात. आता महापालिकेनं गिळलंय, पण त्या वेळी गावच होतं. आमच्या बांधावर उभं राहिलं की खराडीच्या काचेच्या इमारती दिसायच्या. संध्याकाळचं ऊन त्यांच्यावर पडलं की वाटायचं, कुणी उसाचा फड पेटवून दिलाय आणि तो जळतोय पण राख होत नाही. आम्ही त्यांच्याकडं बघायचो. त्या आमच्याकडं बघत नसत.

एका साली बघितलं. आमच्या दूध संघानं सगळ्या गावांच्या दुधासाठी एकच सॉफ्टवेअर करून घ्यायचं ठरवलं आणि ते काम नसीमबानूच्या कंपनीला मिळालं. वापरणारा माणूस कसा असतो ते बघायला त्यांना एक माणूस हवा होता. संघानं मला धाडलं. आठवड्यातून एकदा मी मोटारसायकल काढायचो, त्या काचेच्या इमारतीच्या तळघरात लावायचो आणि गळ्यात पाहुण्याचं कार्ड अडकवून वर जायचो. लिफ्टमध्ये माझ्या अंगाला दुधाचा वास यायचा, तो मला आवडायचा. तिथल्या कुणाच्याच अंगाला त्याच्या कामाचा वास येत नव्हता.

काम असं होतं. सॉफ्टवेअर एक, पण चालणार तीन तऱ्हेच्या यंत्रांवर. एक, गावच्या संकलन केंद्रातला जुना कॉम्प्युटर, ज्याला दुधाचा काटा आणि फॅट मशीन जोडलेलं. दुसरं, गावोगाव हिंडणाऱ्या सुपरवायझरचा मोबाइल. तिसरा, संघाच्या कचेरीतला मोठा पडदा, जिथं सगळ्या गावांचं दूध एका जागी दिसणार. सॉफ्टवेअर लिहायचं काम उल्का नावाची एक हुशार पोरगी आणि तिच्या बरोबरचे करत. नसीमबानू लिहीत नसे. ते कुठं लिहायचं, कुठं तपासायचं, कुठं घालून बघायचं आणि गावांत कधी सोडायचं, त्या सगळ्या जागांची आखणी तिच्याकडं. तिनं "हो" म्हटल्याशिवाय गावात काही जाणार नाही, असं कंपनीनं संघाला लिहून दिलेलं. असलंही काम असतं, हे मला ठाऊक नव्हतं. मला वाटायचं, सॉफ्टवेअर लिहून झालं की झालं, पोतं शिवलं की गाडीत टाकायचं.

"काका, लग्नात कोट शिवला होता का तुम्ही?" तिनं मला पहिल्याच दिवशी विचारलं.

"शिवला होता. आता बसत नाही."

"तोच मुद्दा आहे," ती म्हणाली. "हे बघा. एक शिवायची जागा असते. तिथं चिंध्या पडतात, मशीन धडधडतं, कुणी कुणाला बोलायचं नाही. दुसरी तपासायची. तिथं मुद्दाम ओढून बघायचं, शिवण कुठं सुटते ते. तिसरी ट्रायलची खोली. तिथं गिऱ्हाईक कच्च्या टाक्यांवर घालतं, उठतं, बसतं, हात वर करतं. आणि चौथा रस्ता. कपडा घालून माणूस रस्त्यावर गेला, की तो कपडा आपला राहिला नाही."

"मग अडचण कुठं आहे?"

"सगळ्यांना शिवायच्या जागेवरून थेट रस्त्यावर जायचंय. आणि माझ्याकडे कापड एक असलं तरी अंगं तीन आहेत. मोबाइलवर बसलं की तुमच्या कॉम्प्युटरवर दाटतं, तिथं सैल केलं की कचेरीत ढगळ होतं." मग तिनं काचेपलीकडं वाकून काम करणाऱ्या पोरांकडं बघितलं आणि ते वाक्य म्हणाली. माझ्यासाठी ते तेव्हा नवीन होतं.

ट्रायलची खोली तिनं भांडून मिळवली होती. जिन्याखालची, बिनखिडकीची, एसी नसलेली. आमच्या गावांतल्या केंद्रांवर असतात तसलेच जुने कॉम्प्युटर तिला तिथं हवे होते. कंपनीत जुनं काही नव्हतं. मग ती शनिवारी बुधवार पेठेत गेली आणि दुकानं धुंडाळून तसलीच खटारा यंत्रं घेऊन आली. इमारतीला मोठा जनरेटर होता, लाइट गेलेली कळायचीही नाही. हिनं पुन्हा भांडून त्या खोलीतला एक प्लग जनरेटरच्या बाहेर ठेवून घेतला. तिचे साहेब श्रीनिवासराव, सदाशिव पेठेतले, शांत आवाजात माणसाची साल काढणारे. ते खोली बघायला आले.

"नसीमबानू, आपण सॉफ्टवेअर कंपनीत आहोत की जुन्या बाजारात?"

"जुन्या बाजारातच बरं होतं, सर. तिथल्या दुकानदाराला निदान कळतं, जुनं मागणाऱ्याला जुनंच द्यायचं असतं."

"छान. भंगारावर पीएचडी करा," म्हणाले आणि गेले.

त्या खोलीचे हाल मी डोळ्यांनी बघितलेत. रिकामी दिसली की तिच्यात कुणी ना कुणी शिरायचंच. गणपती झाले की मखर तिथं आलं. कुणाचा वाढदिवस असला की केक तिथं कापला जायचा, आणि फॅट मशीनच्या तारेवर मलई सांडलेली मी स्वतः पुसलीय. उल्काच्या पोरांचं स्वतःचं यंत्र अडलं की ती इथलं घ्यायची. "मॅम, फाइव्ह मिनिट्स फक्त, डेमो आहे." ती पाच मिनिटं दुपार खाऊन टाकायची आणि जाताना त्या यंत्रात भलतंच काही मागं ठेवून जायची. मग नसीमबानू ते पुसून पुन्हा आमच्या गावासारखं करायची. शेवटी तिनं दारावर पाटी लावली. माझ्यासमोरच लिहिली, सुवाच्य अक्षरात:

"ही खोली रिकामी दिसते, पण नाही. येथील यंत्रे जुनी व मंद आहेत. ती तशीच हवी आहेत. कृपया सुधारू नयेत. सुधारायचेच असल्यास स्वतःपासून सुरुवात करावी."

पाटीचं सगळ्यांनी कौतुक केलं. मोबाइलवर फोटो काढले. आणि केक कापायला आत गेले.

एका सकाळी मी तिथं बादलीत पाणी घेऊन दुधाचं सोंग करत होतो. बादली काट्यावर ठेवायची, सभासदाचं नाव सांगायचं, उतरवायची. मध्येच लाइट गेली. कॉम्प्युटर मेला. लाइट आल्यावर तो कण्हत उठला, मी पुढचं नाव सांगितलं, आणि नसीमबानू पडद्याकडं बघून एकदम थांबली. मघाच्या माणसाची बादली पुढच्याच्या नावावर चढली होती. मागच्याच्या नावावर काहीच नव्हतं.

"काका, हे पाहिलंत?"

मी पाहिलं होतं. मला ते पाणी दिसत नव्हतं, दूध दिसत होतं. आमच्याकडं सकाळी लाइट जाते ती काही बातमी नसते. भारनियमनाचे दिवस होते. काट्यावर किटली असताना लाइट जायची, हे आमच्याकडं कोंबडं आरवण्याइतकं नेमाचं.

तिनं उल्काला हाक मारली. उल्का आली, तिनं पुन्हा करून बघितलं, पण लाइट त्या नेमक्या घडीला जाईना. "मॅम, परत होत नाहीये. मे बी काहीतरी रँडम असेल." नसीमबानू म्हणाली, उद्या येऊन दिवसभर लाइट घालवत बसू.

दुसऱ्या दिवशी ती आली तर यंत्र भुर्रकन चालू झालं. तिला संशय आला. हार्डवेअरची कामं बघणारा श्याम दारात उभा होता, लग्नात करवलीनं मिरवावं तसा हसत.

"मॅडम, तुमचं मशीन फार स्लो होतं. बिचाऱ्या काकांना ताटकळावं लागायचं. म्हणून रॅम टाकली. आणि नवीन यूपीएस लावला, आता लाइट गेली तरी चिंता नाही."

नसीमबानूनं डोळे मिटून घेतले. मिटल्या डोळ्यांनीच विचारलं, "श्याम, बाहेर पाटी वाचलीस?"

"वाचली की. भारी लिहिलीय."

"काढलेली रॅम कुठंय?"

"ती? दिली टाकून. भंगार होती, मॅडम."

त्याला बोलायचं तरी काय? माणसानं प्रेमानं केलेलं. ती परत बुधवार पेठेत गेली, पण त्या जातीचं काही पुन्हा मिळेना, आणि यूपीएस काढून टाकला तरी त्या खोलीतली ती चूक पुन्हा दिसेना. श्रीनिवासरावांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "एकदा दिसलेलं आणि परत न दिसणारं, त्याला भूत म्हणतात. भुतासाठी मी दसरा पुढे ढकलू?"

कारण दसरा ठरला होता. संघाचे अध्यक्ष आप्पासाहेब आमच्याच गावचे. त्यांनी दसऱ्याच्या मुहूर्तावर सगळ्या केंद्रांत एकदम सॉफ्टवेअर सुरू करायचं जाहीर केलं होतं, पत्रिका छापून वाटल्या होत्या.

"मग मला एक खरी सकाळ द्या," नसीमबानू म्हणाली. "काकांच्या गावात. खरा कॉम्प्युटर, खरं दूध, खरी लाइट. तिथं बसलं तर मी 'हो' म्हणते. नाही बसलं तर नाही."

श्रीनिवासरावांनी एक बोट वर केलं. "एक सकाळ. त्यानंतर भूत हा शब्द मला ऐकू यायला नको."

हा शब्द तर त्यांनीच काढला होता.

निरोप श्रीनिवासरावांनी आप्पासाहेबांना दिला, आप्पासाहेबांनी गावाला. तिथं काय व्हायचं ते झालं. आमचं गाव पाहुण्याला पाण्याआधी गूळ देणारं. पाहुणा येणार म्हटल्यावर घर सारवायचं नाही तर कधी सारवायचं? खराडीच्या इमारती आमच्याकडं पहिल्यांदा चालत येणार होत्या. मी आप्पासाहेबांना सांगायला गेलो, "बाईला जसं हाय तसंच बघायचंय." ते म्हणाले, "सेक्रेटरी, पोरगी बघायला आले तरी लोक म्हणतात जशी हाय तशी दाखवा. तुम्ही दाखवता का?" यावर तुमच्याकडं उत्तर असलं तर सांगा.

त्या सकाळी नसीमबानू, श्रीनिवासराव आणि उल्का कंपनीच्या गाडीतून उतरले तेव्हा केंद्राच्या दारात रांगोळी होती. आंब्याचं तोरण होतं. भिंतीला चुना लावलेला, ओल्या चुन्याचा वास दुधाच्या वासात मिसळलेला. मागच्या बाजूला लग्नाच्या मांडववाल्याचा जनरेटर गुरगुरत होता. आणि टेबलावर आप्पासाहेबांच्या मुलाच्या ऑफिसातला नवाकोरा कॉम्प्युटर, त्याच्यावर विणलेला रुमाल. घासूनपुसून लखलखीत किटल्या घेतलेली चांगल्या कपड्यांतली माणसं रांगेत. ज्यांच्या किटल्यांना पोचे आलेले, त्यांना पाहुणे गेल्यावर यायला सांगितलेलं.

नसीमबानू दारातच थांबली. तिनं जनरेटरचा आवाज ऐकला. माझ्याकडं बघितलं. मी जमिनीकडं बघितलं.

सगळं फार सुरेख झालं. किटली काट्यावर, नाव पडद्यावर, पावती बाहेर. मोबाइलवर तेच, कचेरीत तेच. उल्का फोनवर ओरडत होती, "हो, सिंक झालं, सगळं ग्रीन आहे!" टँकर दूध घेऊन गेला. टाळ्या झाल्या. आप्पासाहेबांनी ताटातून शाल-नारळ उचलला.

"बाई, आता व्हय म्हना. पेढे वाटतो."

"आप्पासाहेब, जुना कॉम्प्युटर कुठंय?"

"तो कशाला? तो वैरणीच्या माळ्यावर टाकलाय."

"तो हवाय मला. आणि जनरेटर बंद करा."

"पाव्हण्यांच्या डोळ्यादेखत अंधार करू?" आप्पासाहेब खरोखर दुखावले. "आमच्या गावाला काय रीत हाय का न्हाय?"

"आप्पासाहेब, मी पाहुणी नाही हो. मी शिंपी आहे. तुम्ही मला पुतळा दाखवलात. फार देखणा आहे. पण दसऱ्यापासून या काट्यावर पुतळा दूध घालणार नाही."

श्रीनिवासराव पुढं आले. "नसीमबानू, एक सकाळ मागितली होतीत, मिळाली. व्यवस्थित झालं. आता लोकांचा अपमान करू नका."

"सर, हेच मी कंपनीत सहन करते. खोली मागितली की लोक तिची शोभा वाढवतात, मशीन मागितलं की सुधारून देतात. वाईट वागणाऱ्याशी भांडता तरी येतं. या चांगुलपणाशी कसं भांडू, सांगा ना!" तिचा आवाज चढला होता. एवढ्या दिवसांत मी तो चढलेला प्रथमच ऐकला. "मला जरा वाईट मशीन द्या रे कुणीतरी! वाईट लाइट द्या!"

रांगेतला एक जण म्हणाला, "वाईट लाइट पाहिजे तर बाई, जनरेटर बंद करा, ती येतेच." लोक हसले. मी ती संधी साधली आणि मागं जाऊन जनरेटर बंद केला. माळ्यावरनं जुनं यंत्र उतरवलं. त्याच्या जाळीत वैरण अडकली होती. नव्याच्या जागी ते लावलं. ते सुरू व्हायला लागलं तसं घरघरू लागलं, आणि नसीमबानूच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा जरा बरं वाटल्याची खूण दिसली, जत्रेत चुकलेलं पोर सापडल्यासारखी. उल्कानं त्यात सॉफ्टवेअर चढवलं.

पण दूध? ते टँकरमधून गेलं होतं. रांग पांगली होती. आणि तेवढ्यात तुळजाबाई आली. एकच म्हैस असलेली, नवरा नसलेली, पोचे आलेल्या किटलीची. तिला पाहुणे गेल्यावर यायला सांगितलं होतं, आणि ती आपल्या अंदाजानं आली होती. गाडी बघून दारातच मागं फिरायला लागली.

"आजी, या ना," नसीमबानू म्हणाली. "तुमचीच वाट बघतेय."

"माजी?" तुळजाबाईनं मागं वळून बघितलं, दुसरं कुणी आहे का ते.

तिची किटली काट्यावर ठेवली. तिचं नाव मी दाबलं. आकडा पडद्यावर थरथरला, आणि लाइट गेली. कुणी घालवली नाही. आमच्याकडं ती घालवावी लागत नाही. केंद्रातल्या जुन्या यूपीएसनं एकदा चिमणीसारखा आवाज केला आणि मान टाकली. आम्ही अंधुकात उभे राहिलो. चुन्याचा वास, बाहेर म्हशीच्या गळ्यातली घंटा. आप्पासाहेबांनी शालीचं ताट खाली ठेवलं.

बऱ्याच वेळानं लाइट आली. यंत्र उठलं. "पुढचं नाव कुणाचं घेऊ?" मी विचारलं.

"घ्या माझंच, आणि संपवा एकदाचं," आप्पासाहेब वैतागून म्हणाले आणि तुळजाबाईची किटली उतरवून त्यांनी पेढ्यांचा खोका काट्यावर ठेवला.

पावती निघाली. मी वाचली आणि आप्पासाहेबांच्या हातात दिली. त्यांच्या नावावर तुळजाबाईचं दूध होतं. तुळजाबाईच्या नावावर काहीच नव्हतं.

आप्पासाहेब आधी हसले. "तुळजे, तुझी म्हैस माझ्या दावणीला!" लोकही हसले. उल्का हसली नाही, ती पडद्याशी वाकून पुटपुटत होती, "ओह गॉड, हे खरंच होतंय." तुळजाबाईही हसली नाही. तिनं विचारलं, "म्हंजी रोज असंच व्हनार?"

हसणं थांबलं.

आप्पासाहेब मनाचे मोठे माणूस, ते लगेच म्हणाले, "काही काळजी नको. सगळ्या केंद्रांना जनरेटर देऊ. संघाच्या खर्चानं!" श्रीनिवासरावांनी मान डोलावली. "हा व्यवहार्य तोडगा आहे. दसरा काही आपल्यासाठी थांबणार नाही."

नसीमबानूनं कपाळावर हात मारला. "कोट काखेत दाटतो म्हणून माणसाचा हात कापायचा? सर, चूक कापडात आहे. कापड उसवू द्या. जनरेटरचं डिझेल संपेल तेव्हा तुळजाबाईंनी काय करायचं?"

"आणि दसरा?" आप्पासाहेबांनी विचारलं. "पत्रिका वाटल्यात हो."

"होऊ दे ना दसरा. खंडेनवमीला कॉम्प्युटरची पूजा करा, झेंडूचा हार घाला, हळदीकुंकू लावा. त्या दिवशी हत्यारं पुजतात, चालवत नाहीत. चालवू आपण, नीट तयार झाली की."

श्रीनिवासरावांनी चष्मा पुसला. "हा तुमचा शेवटचा शब्द?"

"हो, सर. म्हणजे नाही. सॉफ्टवेअरला नाही."

"मग सोमवारी माझ्या केबिनमध्ये बोलू. तुमच्याबद्दल." ते गाडीत जाऊन बसले. उल्का घुटमळली, नसीमबानूनंच तिला हातानं जा म्हटलं. "तू जाऊन उसवायला लाग. मी येते." गाडी धूळ उडवत गेली.

त्या सोमवारी काय झालं ते दोन तऱ्हांनी सांगतात. कुणी म्हणतं तिनं नोकरी सोडली, कुणी म्हणतं तिला सोडायला लावली. मला ठाऊक आहे ते एवढंच, की सॉफ्टवेअर दसऱ्याला आलं नाही, दिवाळी होऊन तुळशीचं लग्न लागल्यावर आलं, आणि लाइट गेली तरी आमचं दूध ज्याचं त्याचंच राहिलं. ते घेऊन दुसरंच कुणी आलं होतं.

पण मी त्या सकाळचं सांगत होतो. आप्पासाहेब शाल पुन्हा हातात घेऊन उभे होते. कुणाला द्यावी हे त्यांना कळेना. नसीमबानूनं यंत्राच्या तारा सोडवल्या आणि म्हणाली, "काका, हे मी नेते. हे असंच्या असं हवंय, वैरणीसकट. आता कुणी सुधारायच्या आत."

"मोटारसायकलवर सोडतो मी."

"नको. तुमच्या रस्त्यातल्या खड्ड्यांत याच्या आतली डिस्क हादरेल, आणि तीच तर मला हवीय. चालतच जाते. नगर रस्त्याला रिक्षा मिळेल."

ती ते खोकं कमरेवर घेऊन दोन पावलं गेली आणि थांबली. जड होतं. तुळजाबाई बघत होती. तिनं आपल्या डोक्यावरची चुंबळ काढली, झटकली आणि नसीमबानूच्या डोक्यावर ठेवली. ते यंत्र आम्ही दोघांनी उचलून वर चढवलं. तुळजाबाईनं तिची मान सरळ केली, पाण्याच्या हंड्याखालची मान पोरीला शिकवतात तशी. "फुडं बग. पायाकडं नगं."

"चुंबळ परत आणून देईन, आजी."

"माजं दूध?"

"तुमचंच राहील."

मग ती निघाली. कॉलेजच्या पोरीसारखा सलवार-कमीज, पायांत बंद बूट, डोक्यावर आमच्या गावचा जुना कॉम्प्युटर. आधी मान थरथरत होती, मग ओढ्याच्या उतारापाशी तिला चाल सापडली. पलीकडं खराडीच्या काचा चमकत होत्या. आप्पासाहेब आत जाऊन पेढ्यांचा खोका बंद करत होते. केंद्राच्या दारात, रांगोळीवर पाय पडू न देता, मी आणि तुळजाबाई उभे होतो, ती ओढा ओलांडून दिसेनाशी होईपर्यंत. तुळजाबाईचा हात मात्र अजून आपल्या मोकळ्या डोक्यावरच होता.